सपाट मुलखातली पायवाट

गोंदियातल्या हाडांच्या डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यांचा एक्स-रे उजेडासमोर धरला आणि विचारलं, "गुरुजी, पहाड़ चढ़ते थे क्या?"

मी म्हटलं, नाही. आमच्याकडे चढायला आहे काय? तलावाची पार, म्हणजे मातीचा बंधारा, चढलो तर चढलो.

"फिर इतने घिसे कैसे?"

"धुऱ्यावर चालून," मी म्हटलं.

ते हसले. गोंदियाचेच होते, धुरा त्यांना सांगावा लागला नाही. धानाची खाचरं म्हणजे बांध्या, आणि दोन बांध्यांच्या मधला मातीचा बांध म्हणजे धुरा. वरून जेमतेम दोन वीत रुंद. त्यावर चालायचं तर एका पावलापुढे दुसरं पाऊल नेमकं ठेवावं लागतं. ओला असला तर घसरतो, वाळला तर त्याला भेगा पडतात आणि गुरांच्या खुरांचे खळगे कडक होऊन बसतात. अशा धुऱ्यांवरून मी आठ-नऊ वर्षं चाललो, कधी पोरांना घेऊन, बहुतेक वेळा एकटा. ते कशासाठी, हे डॉक्टरांना सांगायला गेलो असतो तर बाहेरचे पेशंट ताटकळले असते. गोळ्या घेतल्या आणि निघालो.

नव्याण्णव साली मी गोंदियापासून बसने तासाभरावरच्या एका गावातल्या शाळेत भूगोलाचा शिक्षक म्हणून लागलो. दुसऱ्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत शाळेने मला एका निसर्ग शिबिरासाठी सह्याद्रीत पाठवलं. तिकडची मुलं गड असा चढत होती जसा आम्ही शाळेचा व्हरांडा चढतो. मी मात्र अर्ध्या वाटेवर एका दगडावर बसलो, धापा टाकत. एक पोरगी पाण्याची बाटली देत म्हणाली, "काका, तुमच्याकडे डोंगर नाहीत का?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मग तुम्ही चालता कुठे?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला. परतीच्या गाडीत मी वहीत शाळेच्या गावाचा नकाशा काढला. गावाच्या उत्तरेला मोठा जुना तलाव, त्याची उंच पार, पारीच्या टोकापासून निघणारी नहर, म्हणजे कालवा, नहरीच्या पलीकडे तलावाचं पाणी पसरून झालेली दलदल, तिच्यात आपोआप उगवणारं देवधान, मग बांध्याच बांध्या, मधे दोन बोड्या, म्हणजे छोटी तळी, आणि शेवटी डांबरी रस्त्यावरचं मोहाचं झाड. शाळेतून निघून त्या मोहापर्यंत चालत जायचं आणि रस्त्याने परत यायचं. दोन कोस होतील. पोरांना पाणी कुठून येतं, कुठं मुरतं, कोणतं पाखरू कुठं बसतं हे पायांनी कळेल. चढायला काही नसलं म्हणून चालायचं नाही असं थोडंच आहे.

हे मी सगळ्यात आधी आमच्या मूळ गावी जाऊन बापाला सांगितलं. बाप आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतावर रोवणीला, कापणीला गेला. आमच्या गावची सगळी धानाची जमीन पोवारांची. आम्ही बौद्ध. आमच्या वाट्याला कामापुरती जमीन येई. बाप खाटेवर बसून लाखोळीची डाळ निवडत होता. त्याने हात थांबवले.

"फिराले?" तो म्हणाला. "लोकाइच्या धुऱ्यावर?"

"पोरांना घेऊन, बाबा. शिकवायला."

"मी चाळीस वर्स गेलो अशा धुऱ्याइवरून. डोक्यावर पेंढी घेऊन गेलो, रोवनीचे पऱ्हे घेऊन गेलो. फिराले कदी गेलो नाई." पुन्हा डाळ निवडायला लागला. निवडता निवडता म्हणाला, "धुरा मातीचा रायते. येक मानूस चालला तं दाबते, चाळीस चालले तं फुटते. पायून घे."

मी ऐकलं, पण ऐकल्यासारखं केलं असंच म्हणायला पाहिजे.

वाट शोधायला मला मदत केली ती एका ढिवर म्हाताऱ्याने. तलावात डोंगा घालून मासे धरण्यात त्याचा जन्म गेला होता. डोंगा म्हणजे एकाच झाडाचं खोड कोरून केलेली होडी, आणि त्याच्या डोंग्याचं लाकूड त्याच्याइतकंच काळं आणि सुरकुतलेलं होतं. मी त्याला भाऊ म्हणायचो. तो मला "मास्तर" म्हणायचा, आणि आवाजात नेहमी थोडी कीव असायची.

"वाट कायले पायजे?" पहिल्या दिवशी त्याने विचारलं.

"पोरांना चालायला."

"बाया जातेत, ढोरं जातेत, आमी जातो. वाट हायच. तुमाले दिसून नाई रायली."

मला खरंच दिसत नव्हती. सपाट जमिनीवर वाट शोधणं किती अवघड असतं हे डोंगरातल्या माणसाला कळणार नाही. डोंगरात खाली-वर असतं, मागे वळून पाहिलं की आपण कुठून आलो ते दिसतं. इथे चारी दिशांना एकच हिरवं, एकाच उंचीचं, आणि वर आभाळ. भाऊ पुढे, मी मागे, असे आम्ही चालायला लागलो आणि देवधानाच्या काठाशी मी त्याच्या पावलाच्या दोन हात बाजूला पाय ठेवला. गुडघा गेला, मग मांडी, मग कंबर. गाळ थंडगार होता आणि तो मला हळूहळू, अगदी शांतपणे आत घेत होता. ओरडायचं भानच राहिलं नाही. भाऊने मागे वळून पाहिलं, खांद्यावरचा बांबू आडवा टाकला आणि म्हणाला, "पोटावर झोपा. हात-पाय हालवू नोका."

मी बांबूवर पोटावर पडलो आणि त्याने मला म्हशीच्या पारडासारखं ओढून काढलं. एक चप्पल आतच राहिली. त्या दिवशी वाटेचा तो तुकडा आम्ही पन्नास पावलं लांबून वळवला.

खुणा करायला आमच्याकडे दगड नाहीत. मातीच आहे सगळी. म्हणून मी बांबूच्या छातीभर उंचीच्या काड्या तासून घेतल्या, त्यांची टोकं चुन्याने पांढरी केली आणि वळणावळणावर रोवल्या. पहिल्याच महिन्यात त्यातल्या निम्म्या गेल्या. काहींना म्हशींनी अंग घासून पाडलं. काही मला गावात सापडल्या. कोणाच्या परसात वालाचा वेल चढवला होता, कोणी कोंबड्यांच्या खुराड्याला टेकू दिला होता. एका बाईला मी विचारलं तर ती म्हणाली, "सरकारी काडी व्हय का? मले वाटलं कोनाची नाई." मी नवीन काड्या तासल्या.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला पहिल्यांदा चाळीस पोरं घेऊन निघालो. पार झाली, नहर झाली, देवधानात पोरांनी जांभळ्या पाणकोंबड्या पाहिल्या. सगळं छान चाललं होतं. मग बांध्या आल्या. धान निसवायला आलं होतं, बांध्यांमध्ये घोट्यापर्यंत पाणी होतं. मी पोरांना एका ओळीने चालायला सांगितलं. एका ओळीने चालली, पण चाळीस जोड्या पाय शेवटी चाळीस जोड्याच. आम्ही मोहापाशी पोचून चणे-मुरमुरे खात होतो तेव्हा मागून एक बाई तरातरा येताना दिसली. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पाय चिखलाने माखलेले, वय पंचावन्नच्या आसपास.

"माह्या धुऱ्यावरून कोन आनलं या पोराइले?"

मी उभा राहिलो. "मी, काकी. शाळेतला शिक्षक."

"शिक्षक व्हय? मंग हे शिकवलं नाई का कोनी तुमाले? वरच्या बांधीचं पानी खाली गेलं ना सप्पा. धान पोटात हाय माह्या. काऊन आले?"

मी म्हटलं, "चुकलं, काकी. मी बांधून देतो."

तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुमी? बांधून?"

पोरांना रस्त्याने परत पाठवलं आणि मी तिच्याबरोबर गेलो. धुरा तीन ठिकाणी खचला होता. ती काठावर बसून राहिली आणि मी फावड्याने चिखल ओढत राहिलो. मी ढेकळं नुसती रचत होतो. "तसं नाई," ती म्हणाली आणि उठली. चिखलाचा गोळा खाली आपटून त्यावर टाच कशी दाबायची, मग दुसरा गोळा, पुन्हा टाच, हे तिने करून दाखवलं. संध्याकाळपर्यंत धुरा झाला. माझे हात सुजले होते. माझं आडनाव, माझं गाव विचारून झाल्यावर तिने विचारलं, "तुमचा बाप जातो का रोवनीले?" मी म्हटलं, जायचा, आता होत नाही. "मंग त्यानं शिकवलं नाई तुमाले धुरा बांधाले?" मी म्हटलं, शिकवलं असतं, मी शिकलो नाही.

ती विधवा होती. नवऱ्यामागे एकटीने सगळी शेती सांभाळत होती, मुलगा नागपूरला कारखान्यात. त्या संध्याकाळी आमचं ठरलं. कापणी होऊन धान खळ्यावर गेलं की मग तिच्या बांध्यांमधून चालायचं. पाणी असेपर्यंत नाही. "मी बोलली तं बोलली," ती म्हणाली. मीही शब्द दिला.

मग वर्षं गेली ती सगळी सारखीच. पावसाळ्यात वाट पाण्याखाली जायची. सप्टेंबरात तिच्यावर कमरेइतकं गवत माजायचं. नोव्हेंबरात पाणी ओसरलं की मी शनिवारी शाळा सुटल्यावर काड्या, चुना आणि विळा घेऊन निघायचो आणि गेल्या वर्षीची वाट शोधायचो. कुठे नहर फुटून नवा ओढा झालेला, कुठे कोणी बोडी खोदून मोठी केलेली, कुठे काडीच नाही. दरवर्षी पहिल्यापासून. सुरुवातीला याचा आनंद असायचा. चौथ्या-पाचव्या वर्षी मी काठीला टेकून उभा राहायचो आणि वाटायचं, आता पुन्हा हे सगळं? शाळेत नवीन वर्ग, नवीन पोरं, तेच धडे. आणि इकडे तीच वाट, जिला आपण मागच्या वर्षी इथे आलो होतो हे ठाऊकच नाही. बायको म्हणायची, "रविवारी तरी घरी बसा." तिचं बरोबर होतं. मी बसत नव्हतो कारण बसलो तर पुन्हा उठणार नाही अशी भीती वाटायची.

पोरं मात्र बदलून जायची. एरवी वर्गात तोंड न उघडणारी एक मुलगी देवधानाचे दाणे कसे झाडायचे हे सगळ्या वर्गाला दाखवायची. तिची आई ते गोळा करून उपासाला विकायची. असलं काही झालं की दोन आठवडे मला पाय दुखल्याचं कळायचं नाही. मग पुन्हा कळायचं.

पाचव्या पावसाळ्यात काकी शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. मला वाटलं धुरा फुटला. ती म्हणाली, "येकटे या. पोरं नोका आनू."

तिच्या वरच्या मोठ्या बांधीत मधोमध धानाच्या काड्या आणि गवत उपटून रचलेला एक ढीग होता, बैलगाडीच्या चाकाएवढा रुंद. त्यावर सारस बसला होता. दुसरा थोडा लांब, पाण्यात उभा, माणसाएवढा उंच, लाल मान ताठ. आम्ही नहरीवरूनच पाहिलं.

"धान उपटून रायले," ती म्हणाली. "येवढी जागा गेली माही."

"मग हाकललं नाही?"

"कायले हाकलू? बसले तं बसले." मग बांधीकडे बोट करून, "पानी हाय म्हनून बसले. कुत्रे येत नाई पान्यातून. मी वरचं पानी सोडत नाई आता. अंडे फुटेपरेंत."

त्या वर्षी एक पिल्लू निघालं. पुढच्या वर्षी दोन. तिसऱ्या वर्षी एकही नाही, पण जोडी आली होती. ती दरवर्षी तेवढी जागा रोवायची सोडून द्यायला लागली. कोणाला सांगू नका असं तिने मला कधी म्हटलं नाही. म्हणायची गरज आहे असं तिला वाटलं नसावं.

आणि मी लिहिलं. नागपूरच्या एका दैनिकात उन्हाळ्यात माझा लेख आला. वाटेबद्दलच होता, सपाट मुलखातही चालण्यासारखं खूप आहे असा. सारसाचं घरटं कुठे ते मी लिहिलं नाही, पण जोडी असते एवढं लिहिलं, आणि गावाचं नाव लिहिलं. छापून आलं तेव्हा मी तो अंक स्टाफरूममध्ये टेबलावर चार दिवस मुद्दाम ठेवला होता. खोटं कशाला बोलू.

लोक यायला लागले. हिवाळ्यात आले ते ठीक होतं, मीच त्यांना फिरवलं. एका पाहुण्याने विचारलं, "इथला हायएस्ट पॉइंट कोणता?" भाऊ शेजारी उभा होता. त्याने तलावाच्या पारीकडे बोट केलं आणि म्हणाला, "ते. तिथं ढोरं बसतेत."

पुढचा पावसाळा आला. सप्टेंबरात शाळेची तपासणी होती. आठवडाभर रजिस्टरं, तक्ते, फळे रंगवणं, पोरांची कवायत. शनिवारी दुपारी तपासणी आटोपली आणि मी खुर्चीत डोळे मिटून बसलो होतो. मुख्याध्यापक आत आले. त्यांच्या ओळखीचे चार पाहुणे नागपूरहून आले होते, मोठमोठे कॅमेरे घेऊन. त्यांना सारस बघायचा होता.

मी म्हटलं, "सर, आता वाट बंद आहे. पाणी आहे."

"लांबून दाखवा ना. एवढ्या लांबून आले आहेत."

मला नाही म्हणायचं होतं. काकीला दिलेला शब्द मला आठवत होता, अगदी नीट आठवत होता. पण नाही म्हणायला, मग त्यांनी पुन्हा विचारल्यावर पुन्हा नाही म्हणायला, मग सोमवारी त्यांची नाराजी पाहायला जी ताकद लागते ती त्या दिवशी माझ्यात नव्हती. दाखवून टाकलं तर तासाभरात घरी जाऊन झोपता येईल, असा साधा हिशेब मी केला. मी उठलो.

नहरीवर थांबून दाखवायचं असं ठरवलं होतं. नहरीवरून सारस दिसला. पाहुणे म्हणाले, थोडं पुढे. मी म्हटलं, नको. तोवर एकजण धुऱ्यावर उतरलाच होता, त्याच्या मागे दुसरा. चांगली माणसं होती, आवाज करत नव्हती, हळू चालत होती. जड बुटांनी. बसलेली मादी उठली. नराने मान वर करून अशी हाक दिली की तलावापलीकडच्या रस्त्यावर ऐकू गेली असेल. मी मागून जाऊन त्यांना परत फिरवलं. परत येताना एकाचा पाय घसरला आणि धुऱ्याचा हातभर तुकडा खाली बसला. पाणी झिरपायला लागलं, फार नाही, करंगळीएवढी धार. मी चिखल ओढला, टाचेने दोनदा दाबला. धार थांबली. नीट करायचा तर खालचा सगळा तुकडा खोदून पुन्हा गोळ्यागोळ्याने बांधायला हवा होता. हे मला ठाऊक होतं, तिनेच शिकवलं होतं. उद्या सकाळी फावडं घेऊन येऊ, असं मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि मी दहा वाजेपर्यंत झोपलो.

बायकोने उठवलं. "बाहेर कोणी बाई आल्या आहेत."

काकी ओट्यावर बसली नव्हती, उभी होती. "सर, चला," एवढंच म्हणाली. एरवी ती मला मास्तर म्हणायची. मी चपला घातल्या.

धुरा तिथेच, त्याच तुकड्यात, पुरुषभर फुटला होता. वरच्या बांधीतलं पाणी सगळं खाली गेलं होतं. घरट्याभोवती नुसता चिखल उरला होता आणि त्या चिखलात कुत्र्यांच्या पावलांची रांग सरळ घरट्यापर्यंत गेली होती, आणि परत आली होती. ढिगावर टरफलाचे तुकडे होते. जोडी लांब, दुसऱ्या बोडीच्या काठाशी उभी होती. काही करत नव्हती, नुसती उभी होती.

मी म्हटलं, "काकी, काल मी आलो होतो. पाहुणे घेऊन."

"पायले मी बुटाचे पाय."

"धुरा दाबला होता मी. मला वाटलं—"

"हं," ती म्हणाली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पहिल्या वर्षी ओरडली होती तशी. ती खाली बसली, चिखलात हात घालून फुटलेल्या जागेतली माती बाजूला करायला लागली. मीही उतरलो. आम्ही दोघांनी तो धुरा बांधला, खालपासून, गोळा आणि टाच, गोळा आणि टाच. धानाला पाणी हवंच होतं. दुपार झाली. तिने घरून भाताची आंबील आणली होती, ती एकटीच प्यायली. मला विचारलं नाही आणि मलाही ते बरोबर वाटलं.

गावात तिने कोणाला सांगितलं नाही. पारीवर बसणाऱ्या माणसांनी विचारलं तेव्हा म्हणाली, कुत्र्यानं खाल्लं. शेवटी मीच सांगितलं. सोमवारी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेपुढे उभा राहून सांगितलं की मी पाहुणे नेले, माझ्यामुळे धुरा फुटला, मी तो नीट बांधला नाही, मी थकलो होतो आणि म्हणून अंडी गेली. मुख्याध्यापक बाजूला उभे होते. त्यांचं नाव मी घेतलं नाही. नेणारा मी होतो. पोरं माझ्याकडे बघत होती. एक लहान मुलगी रडायला लागली, तेव्हा मी सगळ्यांना वर्गात जा म्हटलं.

दैनिकाला पत्र लिहिलं की वाट बंद केली आहे, कृपया येऊ नये. ते छापून आलं नाही. नोव्हेंबरात पाणी ओसरल्यावर मी काड्या रोवायला जायचो तसाच गेलो आणि काड्या उपटल्या. भाऊ आला होता. त्याला आता नीट दिसत नव्हतं, डोंगा नातू चालवायचा. पण काडी कुठे आहे हे तो मला लांबूनच सांगायचा.

"फेकू नोका," तो म्हणाला. "मले द्या. जाल्याले कामी येतीन."

मी त्याला सगळ्या काड्या दिल्या. त्याने मोळी बांधली, डोक्यावर घेतली. मी म्हटलं, "भाऊ, मी घेतो." तो म्हणाला, "तुमी थकले, मास्तर." त्यात टोमणा नव्हता. त्याला तसं दिसलं एवढंच.

वाट तशीही राहिलीच. बाया गवताला जातच होत्या, ढोरं जातच होती. मी फक्त तिच्यावर काड्या रोवल्या होत्या. पोरांना घेऊन मी पुढे पारीपर्यंतच जायचो, तिथे बसवून जे दिसेल ते दाखवायचो. तोवर बिरसीच्या विमानतळावर वैमानिक शिकवायला सुरुवात झाली होती आणि छोटी विमानं तलावावरून गिरक्या घ्यायची. पोरं पाखरांपेक्षा त्यांच्याकडेच जास्त बघायची. मी कोणाला अडवलं नाही. पुढच्या पावसाळ्यात सारसाची जोडी काकीच्या बांधीत बसली नाही. कोणी म्हणे नहरीच्या पलीकडे दुसऱ्याच्या शेतात बसली. मी बघायला गेलो नाही. काकीने तेवढी जागा त्या वर्षीही रोवली नव्हती. सप्टेंबरात तिथे नुसतं पाणी चमकताना दिसायचं.

भाऊ त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात गेला. बाप त्याआधीच गेला होता.

त्यानंतर माझी बदली झाली, चिचगडला. तिथे संस्थेची दुसरी शाळा होती आणि कोणी जायला तयार नव्हतं. मी नाही म्हटलं नाही. निघण्याआधी काकीला सांगायला गेलो. ती अंगणात धान वाळवत होती, पायाने सारखं करत इकडून तिकडे फिरत होती.

"चिचगड?" ती म्हणाली. "लांब पडते. घरचे?"

"मागून येतील. मुलीचं कॉलेज झालं की."

"तिकडं धान हाय का?"

"कमी. जंगल आहे."

ती चालत राहिली. धानावर तिच्या पावलांच्या रेघा उमटत होत्या. मला वाटलं ती आणखी काही म्हणेल. मला म्हणायचं होतं ते मी वर्षानुवर्षं म्हणत आलो होतो, तिच्यासमोर नाही, मनात. आता म्हणायची वेळ होती, पण तेही जमलं नाही.

"बरं," ती म्हणाली. "जा, बस जाईन नाई तं."

मी नमस्कार केला, तिने हात जोडले. स्टँडवर आलो तर बस लागलेलीच होती. खिडकीपाशी जागा मिळाली. कंडक्टरला तिकीट काढायला सांगितलं, पिशवी मांडीवर घेतली आणि वाटेतली देवरी येईपर्यंत झोपलो.